ब्रशचे फॉन्ट कॉम्प्युटरच्या आधीचे

ब्रशने फटकारल्यासारखी, एकमेकांत गुंतलेली रोमन अक्षरं कॉम्प्युटरमुळेच छपाईत आली, असं सर्रास सांगितलं जातं. चूक आहे. रॉबर्ट स्मिथ यांनी रेखलेला 'ब्रश स्क्रिप्ट' हा फॉन्ट अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने १९४२ मध्येच धातूच्या खिळ्यांत (छपाईच्या सुट्या अक्षर-ठशांत) आणला होता. फ्रान्समधल्या मार्सेच्या ओलिव्ह या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीचा, १९५३चा 'मिस्ट्राल' तर रॉजे एक्सकोफों यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावर बेतला. खरी कारागिरी सांध्यात: खिळ्याच्या कडेला रेघ अशा उंचीवर संपवायची, की शेजारी कुठलंही अक्षर आलं तरी ती पुढे चालू राहावी. (शिरोरेघ सांधणाऱ्या आपल्या जुळाऱ्यांना, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांना, ही कसरत नवी नव्हती.) म्हणूनच अशा फॉन्टमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं, की सांधे उघडे पडतात. आणि सगळीच अक्षरं कॅपिटल केली, तर शब्द वाचता येत नाही. कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीपुरतीच रेखलेली असतात.