थेरपिस्टशी नातं: आधी अडचण, मग इलाजाचा भाग

थेरपिस्टशी पटलं पाहिजे, नाहीतर बदला, असं आता कोणीही सांगतं. पण बोलून मन बरं करायची ही थेरपी सुरू झाली तेव्हा हे नातं म्हणजे डॉक्टरांना चक्क डोकेदुखी वाटायची.

व्हिएन्नात डॉक्टर योसेफ ब्रॉयर 1880 ते 82 मध्ये एका तरुणीवर उपचार करत होते, पुढे ती ॲना ओ. या नावाने प्रसिद्ध झाली. नुसतं बोलून तिची लक्षणं कमी होत होती, पण कोणाशी बोलतेय याचाही त्यात वाटा असेल हा विचार तेव्हा फारसा नव्हताच. मग फ्रॉइडची पेशंट डोरा. 1900 मध्ये ती काही आठवड्यांतच उपचार सोडून निघून गेली आणि 1905 मध्ये केस छापताना फ्रॉइडने कबूल केलं की जुन्या माणसांबद्दलचा राग-लोभ ती माझ्यावर काढतेय हे मला वेळेत कळलंच नाही. हे म्हणजे उपचारातला अडथळा, असा सूर होता, पण 1912-13 पर्यंत तोच फ्रॉइड लिहायला लागला की पेशंटची डॉक्टरवरची साधी माया हीच उपचार पुढे नेते, त्यामुळे घाईने अर्थ सांगत बसू नका, आधी त्याला तुमच्याशी जोडून घ्या. तरी बरीच वर्षं थेरपिस्टने कोरा चेहरा ठेवून बसायचं हीच शिस्त मानली गेली, आणि फ्रॉइडचाच सहकारी, बुडापेस्टच्या फेरेन्त्सीने 1932 मध्ये हा कोरडेपणाच पेशंटला पुन्हा दुखावतो असं मांडलं ते फ्रॉइड आणि त्याच्या लोकांना अजिबात रुचलं नाही.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. 1936 मध्ये मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइगने विचारलं की इतक्या वेगवेगळ्या पद्धतींनी लोक बरे होतात तर त्यांच्यात काहीतरी सामाईक असणारच ना? मग मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने सेशन रेकॉर्ड करायला सुरुवात केली (बंद दाराआड नक्की काय चालतं हे पहिल्यांदाच नीट ऐकता आलं, माझ्या मते हे त्याच्या थिअरीपेक्षा मोठं काम) आणि 1957 मध्ये थेट मांडलं की खरेपणा, बिनशर्त स्वीकार आणि समोरच्याला समजून घेणं, हे क्लायंटपर्यंत पोचलं की बदल होतो. जरा जास्तच बोलला तो, पण बोलायला कोणीतरी हवंच होतं.

मला सगळ्यात पटतो तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन. 1979 मध्ये त्याने या नात्याचे तीन भाग केले: आपल्याला कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. म्हणजे थेरपिस्ट गोड बोलतो, छान ऐकून घेतो, पण सहा महिने झाले तरी आपण नक्की कशावर काम करतोय हेच माहीत नाही, तर बॉर्डिनच्या हिशोबाने ते नातं लंगडंच. 1989 मध्ये हॉर्वाथ आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी यावरून 36 प्रश्नांची प्रश्नावली केली आणि नातं चक्क मोजता यायला लागलं.

मग आकडे आले. अमेरिकेतल्या डिप्रेशनच्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात दोन प्रकारच्या थेरपी होत्या, खरं औषध होतं आणि खोटी गोळीही होती, त्याच्या सेशनचे व्हिडिओ बघून 1996 मध्ये निष्कर्ष आला की नातं चांगलं असेल तर फरक जास्त, आणि हे फक्त थेरपीत नाही, गोळ्यावाल्या गटांतही, अगदी खोट्या गोळीच्या गटातसुद्धा! 2018 मध्ये 295 अभ्यास, तीस हजारांवर पेशंट एकत्र करून पाहिलं तरी हा संबंध टिकून राहिला. अर्थात कोणाला किती फरक पडतो यातला साधारण 8 टक्केच वाटा नात्याच्या नावावर जातो, ऐकायला कमी वाटतो, पण इथे एकट्या कुठल्याच गोष्टीचा वाटा फार मोठा निघत नाही.

1990 नंतर जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन या मानसशास्त्रज्ञांनी उलट बाजू धरली, नातं बिघडतं तेव्हा काय होतं? खटका उडतोच, कधी क्लायंट चिडतो, जास्त वेळा गप्प होतो, हो ला हो करतो आणि मग येणं बंद. तो खटका उघड बोलून सोडवला तर थेरपी उलट पुढे सरकते असं त्यांना दिसलं. आता बरेच थेरपिस्ट सेशन संपताना चार ओळींचा छोटा फॉर्म देतात, त्यात मला ऐकून घेतलं का, मला हवं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, एकूण कसं वाटलं असं विचारतात. चाळीसपैकी मार्क, आणि लोक भिडेपोटी भरभरून देतात म्हणून 36 च्या खाली गेलं की थेरपिस्टने स्वतःहून विचारायचं, काय राहिलं?