रंगवलेली वस्ती आणि जोडलेली वस्ती

चौकात ‘सुशोभीकरणाचे काम चालू’ अशी पाटी लागते आणि भाषणांत त्याच कामाला पुनरुज्जीवन म्हटलं जातं. ही गल्लत महागात पडते. सुशोभीकरणात एका जागेचं रूप पालटतं: कारंजं, पेव्हर ब्लॉक, भोवती रेलिंग. पुनरुज्जीवनात तिथल्या माणसाला कुठवर जाता येतं, हे पालटतं.

कोलंबियातल्या मेदेयीन शहरात हा फरक डोळ्यांनी दिसतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे जगातल्या सर्वांत हिंसक शहरांपैकी एक होतं. सांतो दोमिंगोसारख्या वस्त्या डोंगरउतारावर, कामधंदा खाली खोऱ्यात. २००४ मध्ये मेट्रोला जोडून रोपवे सुरू झाला, तोही मेट्रोच्याच तिकिटावर. नुसता रोपवे मात्र डोक्यावरून निघून गेला असता. महापौर सेर्हिओ फाहार्दो यांच्या काळात त्याच्या स्टेशनांभोवती रुंद फुटपाथ, झाडं, छोटे चौक झाले.

मला त्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक पादचारी पूल. अंदालुसिया आणि ला फ्रान्सिया या वस्त्या अगदी समोरासमोर, मध्ये ओढ्याची घळ. टोळ्यांनी आपापल्या हद्दी आखलेल्या. हाकेच्या अंतरावरच्या घरी जाणं जिवावरचं काम. त्या घळीवर पूल बांधला आणि त्याला नाव दिलं ‘मिरादोर’, म्हणजे थांबून नजर टाकायची जागा. माणसं पलीकडे जातात, तशी पुलावर थांबतातही. वाट आणि बसायची जागा अशी एकच झाली की तिथे वर्दळ राहते, आणि वर्दळीचा धाक कुठल्याही दिव्यापेक्षा जास्त.

रोपवे आणि ही कामं झालेल्या वस्त्यांची तुलना संशोधकांनी तशाच, पण कामं न झालेल्या वस्त्यांशी केली. २००३ ते २००८ या काळात खुनांच्या दरातली घट पहिल्या वस्त्यांत ६६ टक्क्यांनी जास्त निघाली.

याच डोंगरावर २००७ मध्ये काळ्या खडकांसारखं दिसणारं देखणं ग्रंथालय उभं राहिलं. जगभर फोटो छापून आले त्याचेच. पुढे त्याच्या दर्शनी आवरणात दोष निघाले आणि ते कित्येक वर्षं बंद राहिलं. मुलांची वाचायची जागा गेली, हे नुकसान खरंच मोठं. पण त्या वर्षांतही सांतो दोमिंगोची माणसं सकाळी रोपवेने खाली कामाला जात होती आणि संध्याकाळी घरी परतत होती.