लिनक्सने आयटेनियमला रामराम का ठोकला?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ६.७ ही आवृत्ती जानेवारी २०२४मध्ये आली, तेव्हा इंटेलच्या आयटेनियम प्रोसेसरसाठीचा कोड तिच्यात उरला नव्हता. सुमारे ६५ हजार ओळी एका फटक्यात गेल्या. हळहळले ते मोजकेच.

आयटेनियमची मूळ कल्पना ह्युलेट-पॅकार्डची (एचपी), १९८९च्या आसपासची. कोणत्या आज्ञा एकाच वेळी चालवता येतील हे प्रोसेसरने धावता धावता शोधत बसण्यापेक्षा कंपायलरनेच, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने, आधी ठरवून द्यावे, हा विचार. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बी. रामकृष्ण राऊ हे त्यामागच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. १९९४मध्ये इंटेलने हातमिळवणी केली. १२८ बिटांच्या गठ्ठ्यात तीन आज्ञा आणि त्यांची मांडणी सांगणारी छोटी खूण, अशी ही रचना कागदावर खरोखर देखणी होती. पण मेमरीतून माहिती यायला कधी किती वेळ लागेल, हे कंपायलरला आधी कसे कळावे? निघण्यापूर्वी घरी बसूनच वाटेतला प्रत्येक सिग्नल लाल असेल की हिरवा हे लिहून द्यायचे, तशातली गत.

पहिली चिप रखडत २००१मध्ये आली. तोवर टायटॅनिकवरून ‘आयटॅनिक’ हे टोपणनाव पडूनही गेले होते. जुने ३२ बिटी प्रोग्रॅम तिच्यावर कुथत चालत. २००३मध्ये इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणला. जुने प्रोग्रॅम वेगात चालणार आणि ६४ बिटही मिळणार म्हटल्यावर आयटेनियमकडे कोण वळणार? पुढच्याच वर्षी इंटेलने स्वतःच्या झिऑन प्रोसेसरमध्येही तीच वाट धरली. माझ्या मते आयटेनियमचा निकाल तिथेच लागला, पुढचे सगळे सोपस्कार.

मायक्रोसॉफ्टने २०१०मध्ये आयटेनियमचा पाठिंबा थांबवत असल्याचे सांगितले, त्याआधी लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटने. २०११मध्ये डेटाबेस बनवणाऱ्या ओरॅकलनेही हात वर केले, तेव्हा मात्र एचपी थेट कोर्टात गेली आणि २०१६मध्ये ज्युरीने तिला तीन अब्ज डॉलर देवविले. इंटेलने शेवटची खेप जुलै २०२१मध्ये पाठवली.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला आयटेनियमवर लिनक्स मोडून पडल्याचे उघड झाले होते आणि काही काळ ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी मग हा भाग ‘अनाथ’ म्हणून नोंदवला. कर्नलमध्ये काही मोठा बदल करायचा, तर या कोडलाही हात लावावा लागे, आणि तो तपासून पाहायला यंत्र कोणाकडे? फारच थोड्यांकडे.

आज घरोघरचा लॅपटॉप सुरू करणाऱ्या यूईएफआय या सॉफ्टवेअरचा पूर्वज ईएफआय हा मुळात आयटेनियमसाठीच जन्मला. कर्नलमधून आयटेनियम काढून टाकण्याचा प्रस्ताव २०२३मध्ये मांडला, तो लिनक्समधला ईएफआयचा भाग सांभाळणाऱ्यानेच.