मृत्युपत्र आणि नॉमिनी (ठाणे व नवी मुंबई)

मृत्युपत्र, बोलताना आपण ज्याला विल म्हणतो, ते म्हणजे आपल्या माघारी आपलं काय कोणाला मिळावं हे लिहून ठेवलेला कागद. ठाणे-नवी मुंबईत बहुतेक कुटुंबांची मोठी मालमत्ता एकच असते, सोसायटीतला फ्लॅट, आणि त्याबद्दलचा मोठा गैरसमजही एकच, की नॉमिनी लावला म्हणजे झालं, फ्लॅट त्याच्या नावावर. तसं होत नाही.

नॉमिनी मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण सोसायट्यांचं वेगळं प्रकरण आलं, त्यातल्या कलम 154ब-13 प्रमाणे सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, तेही खरे वारस किंवा विलमध्ये ज्याचं नाव आहे तो सभासद होईपर्यंतच. कंपनीच्या शेअर्सबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं, नॉमिनेशनने वारसाहक्क बदलत नाही. त्यामुळे धाकट्याला नॉमिनी केलं म्हणून थोरल्याचा आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हिस्सा जात नाही, आणि सख्खी भावंडं कोर्टात उभी राहतात ती बहुतेक वेळा ह्याच ठिकाणी.

विल नसेल तर हिंदूंना 1956 चा वारसा कायदा लागतो. पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा वाटा, वडील मात्र पहिल्या यादीत नाहीत. बाईच्या बाबतीत कायदा फार कडक आहे आणि तो बायकांना माहीतच नसतो. मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून ऐरोलीत फ्लॅट घेतला आणि विल न करता ती गेली, तर कलम 15 नुसार तो आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. म्हणजे म्हातारी आई तिच्याजवळ राहत असली तरी दिरांचा हक्क पहिला! कमावत्या बाईने विल केलंच पाहिजे ते ह्यासाठी.

घटस्फोटाचंही तसंच. केस फॅमिली कोर्टात चालू आहे, दोघं वेगळे राहतात, तरी हुकूम होईपर्यंत नवरा-बायको एकमेकांचे वारसच असतात. हुकूम झाल्यावर तो हक्क जातो, पण आधी केलेलं विल आपोआप रद्द होत नाही, ते नवीन करावं लागतं आणि नॉमिनीही बदलावा लागतो. मुलांचा पालक विलमधून नेमता येतो, पण बापाने काका नेमला आणि आई हयात असेल तर ती नेमणूक चालत नाही, पालक आईच.

करायला विल सोपं आहे. साधा कागद चालतो, मराठीत चालतं, स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक (तरी दुय्यम निबंधकाकडे केलेलं बरं, नंतर सही खोटी म्हणणं अवघड जातं). लिहिणाऱ्याची सही आणि निदान दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना बघितली किंवा ज्यांना लिहिणाऱ्याने ही माझीच सही असं सांगितलं, एवढं मात्र लागतंच. वाद झाला तर साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं, म्हणून आपल्या वयाचा मित्र घेण्यापेक्षा तरुण आणि विलमध्ये काही न मिळणारा माणूस घ्यावा. मुस्लिमांना, वारसांची संमती नसेल तर, मालमत्तेच्या साधारण एक तृतीयांशापुरतंच विल करता येतं.

प्रोबेट म्हणजे विल खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, त्याची गंमत इथल्यांनाच नीट कळेल. वर्षानुवर्षं मुलुंडच्या फ्लॅटच्या विलला प्रोबेट सक्तीचं होतं आणि चेकनाका ओलांडून ठाण्यात आलं की नव्हतं, कारण मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेची (जिथले दावे थेट हायकोर्टात दाखल होतात) हद्द तिथे संपते. ठाण्याच्या फ्लॅटचं विल मुंबईत फोर्टच्या वकिलाकडे बसून सही केलं तर परत सक्तीचं! डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातलं ही सक्ती करणारं कलम 213 काढून टाकलं, आता सक्ती कुठेच नाही, पण वारसांत भांडण असेल तर प्रोबेट घेतलेलं शहाणपणाचं.

विल नसेल तर स्थावर मालमत्तेसाठी कोर्टाचा वारस दाखला लागू शकतो, तो आपल्याकडे अजून 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली मिळतो. नवी मुंबईत जमीन बहुतेक सिडकोची (शहर वसवणारं सरकारी महामंडळ) लीजवर, म्हणून सोसायटीत नाव लागलं तरी सिडकोच्या रेकॉर्डला वेगळं लावावं लागतं, संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळालेल्या गाववाल्यांना तर हे चांगलंच ठाऊक आहे. आणि वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात असले तरी खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये येतात, तिथल्या फ्लॅटच्या अर्जासाठी पनवेल कोर्टात जावं लागतं.