अफ्रोडिसियास: देऊळ पाडून त्यावर चर्च बांधलं का?

तुर्कस्तानातल्या अफ्रोडिसियास या प्राचीन शहराबद्दल हमखास सांगितलं जातं, की तिथलं अफ्रोडाइटी या ग्रीक देवीचं देऊळ जमीनदोस्त करून ढिगाऱ्यावर चर्च उभारलं. खांबांचा हिशेब मांडला की हे टिकत नाही.

देवळाला भोवती संगमरवरी खांब होते: लांब बाजूंना 13-13, आखूड बाजूंना 8-8, कोपऱ्यांतले दोन्हीकडे धरून. इ.स. 500 च्या सुमारास चर्च करताना लांब रांगा जागीच ठेवल्या. आखूड बाजूंचे मधले 6-6 खांब उतरवून त्याच रांगांना जोडून पुढे लावले. म्हणून चर्चमध्ये 19-19 खांबांच्या दोन रांगा झाल्या. गाभाऱ्याच्या भिंती उतरवल्या आणि त्यांचे दगड खांबांच्या बाहेर नव्या भिंतींना वापरले. देवळाची बाहेरची खांबरांग चर्चच्या आत आली! इतकं जड काम मोजमाप नीट घेतल्याशिवाय होत नाही.

गैरसमज होण्याचं कारण साधं आहे. भिंतीत जुने घडीव दगड दिसले, की लोक विध्वंस गृहीत धरतात. पण दगडाचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे. भिंतीचा काळ ठरवायला पायाचा चर आणि अखंड फरशीखालच्या थरातली नाणी, खापरं पाहावी लागतात. फरशी मध्येच उकरलेली असेल, तर तिथलं नाणं पुरावा म्हणून बाद.

देवीची पूजा मात्र थांबवली गेली, हे खरंच.