दोन काळांच्या सांध्यावरचा बॉक्सर

मालवणच्या जेटीवर दिवेलागणीच्या सुमारास गप्पांना रंग चढतो. परवा विषय निघाला बॉक्सिंगचा. साठी उलटलेले आमचे एक काका म्हणाले, "अलीसारखो दुसरो झालोच नाय." पुतण्याने लगेच मोबाइलवर माइक टायसनच्या नॉकआउटची क्लिप लावली. "काका, ह्या बघा. अली ह्येच्यासमोर टिकलो असतो काय?" काकांनी क्लिप दोनदा पाहिली. मत तसूभरही बदललं नाही.

मला हा वाद फार आवडतो, कारण त्याच्या पोटात विज्ञानाचा खरा प्रश्न आहे. जे दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत, त्यांना एका तराजूत तोलायचं कसं?

हे काम एकदा संगणकावरही सोपवलं गेलं. मायामीचे निर्माते मरे वोरोनर यांनी १९६९ मध्ये निवृत्त जगज्जेता रॉकी मार्सियानो आणि बंदीमुळे रिंगबाहेर बसलेला मुहम्मद अली यांना कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीचं लढवलं. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत 'संगणकाचा निकाल' झळकला: तेराव्या फेरीत मार्सियानो नॉकआउटने विजयी. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत मात्र अली जिंकला! मार्सियानो तोवर विमान अपघातात गेलेला होता. हिशोब यंत्राचा असला, तरी कोणाचा वेग किती आणि दम किती, याचे गुण बॉक्सिंगच्या जाणकारांनीच दिले होते. म्हणजे वाद जेटीवरचाच, फक्त यंत्रातून फिरवून आणलेला.

याहून बरी वाट बुद्धिबळातून येते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी खेळाडूंना गुण देण्याची पद्धत बसवली. जिंकलात की गुण वाढतात, तगड्याला हरवलंत तर जास्त वाढतात. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, अशी साखळी जोडत दोन पिढ्या एका मापात आणता येतात. बॉक्सिंगमध्येही ही साखळी सापडते. मार्सियानो आणि अली खरे कधी लढले नाहीत, पण आर्ची मूर दोघांशीही लढला. मार्सियानोने त्याला १९५५ मध्ये नवव्या फेरीत संपवलं, कोवळ्या अलीने १९६२ मध्ये चौथ्याच फेरीत. मग अली भारी ठरला का? अलीसमोर उभा राहिला तेव्हा मूरने पंचेचाळिशी गाठलेली होती.

आता बाकीचे दुवे तपासून बघा. मार्सियानोने जो लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता. लॅरी होम्सने अलीला हरवलं १९८० मध्ये, अली ३८ वर्षांचा. टायसनने होम्सला आडवं केलं १९८८ मध्ये, होम्सही ३८ चाच. दोन काळांच्या सांध्यावर दरवेळी थकलेला माणूस उभा आहे. खाऱ्या वाऱ्यावर पडलेल्या नांगराच्या साखळीसारखी गत: कडी गंजलेलीच, आणि गंज दरवेळी एकाच बाजूला, नव्या पिढीच्या फायद्याचा. वयाची दुरुस्ती केल्याशिवाय अशा गुणांवर मी भरवसा ठेवणार नाही.

शिवाय साखळी सरळ असते हे गृहीतच कच्चं आहे. १९७१ मध्ये जो फ्रेझियरने अलीला हरवलं. १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. आणि १९७४ मध्ये किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत चीत केलं. तिघेही एकाच काळातले, तरी एका ओळीत उभे करता येत नाहीत. गोल फिरून आपण जिथे होतो तिथेच येतो.

पुतण्याचा मुद्दा ताकदीचा होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मार्सियानोचं वजन ८५ किलोच्या आसपास असे, ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरी २०२० मध्ये १२४ किलोचा होऊन रिंगमध्ये उतरला. १९८५ मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा प्रयोगशाळेत मोजला गेला: वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर, जोर ४,००० न्यूटनच्या वर, म्हणजे क्षणभर ४०० किलोचा भार. पण माणूस बेशुद्ध पडतो तो मुख्यतः डोकं गर्रकन फिरल्यामुळे. पाण्याचा नारळ हातात घेऊन झटक्यात फिरवा. करवंटी लगेच फिरते, आतलं पाणी मागे राहतं. कवटीत मेंदूचं काहीसं असंच होतं आणि त्याला पीळ बसतो. हनुवटी मानेपासून लांब, म्हणून तिथला ठोसा डोक्याला जास्त फिरवतो. ठोसा येताना दिसला तर मान आवळून धरता येते, न दिसलेला घात करतो. म्हणून नुसत्या किलोंवर निकाल लावता येत नाही.

सगळ्यांत थोर बॉक्सर कोण, याबद्दल माझं मत विचाराल तर अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन. फ्लॉइड मेवेदरच्या ५० पैकी ५० विजयांचा मला आदर आहे, पण रॉबिन्सन सुमारे २०० लढती लढला आणि १९४३ ते १९५१ या काळात सलग ९१ लढतींत त्याला कोणी हरवू शकलं नाही. जितके जास्त सामने, तितका नशिबाचा वाटा कमी.

त्याची २५ जून १९५२ ची लढत मला विसरता येत नाही. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, दिव्यांखाली पारा ४० अंशांच्या आसपास, समोर वजनाने भारी जोई मॅक्सिम. एक लिटर घाम अंगावर सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता गळतो. मे महिन्यात आपल्याकडे कबड्डी खेळलेल्या कुणालाही हे सांगायला नको. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टाइनच उष्म्याने कोलमडले, त्यांना बदलावं लागलं. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, पण तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठू शकला नाही.

लढत १५ फेऱ्यांची होती. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम डुक-कूचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि पुढे फेऱ्या १२ वर आल्या. आजच्या नियमाने रॉबिन्सन ती लढत जिंकून घरी गेला असता.

काकांना हे सगळं सांगितलं. अलीवरून ते हलले नाहीत. पण आयुष्य दर्यावर काढलेल्या त्या माणसाने घाम कशाने सुकतो ते बरोबर हेरलं आणि विचारलं, "त्या दिवशी वारो होतो काय?"