पंचवीस घरांची संख्या

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि कूलरसमोरची फरशी हीच काय ती बसायची जागा. परवा त्याच फरशीवर भाची आणि मी खडूनं एक संख्या वाढवत बसलो होतो.

नियम एकच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ नं भाग जायला हवा, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ नं, चारांच्या ४ नं, असं पुढे पुढे. भाची दरवेळी चालेल तो सर्वांत लहान अंक घेत गेली: १, १०, १०२, १०२०... दहाव्या घरापर्यंत सगळं सुरळीत, १०२०००५६४०. अकराव्या घरात ५ बसला. बाराव्याला मात्र गाडी थांबली.

"मामा, हे तं अडकलं!"

खरंच अडकलं होतं. १२ नं भाग जायचा तर ४ नंही जायला हवा आणि ३ नंही. आधीचा अंक ५, म्हणजे ४ साठी पुढे २ किंवा ६ च हवा. आधीच्या अंकांची बेरीज २३, म्हणजे ३ साठी १, ४ किंवा ७ च हवा. दोन्हीकडे चालेल असा अंकच नाही.

दहा घरांपर्यंत असं कधी होत नाही. शेवटचं घर ० ते ९ असं बदललं की लागोपाठच्या दहा संख्या मिळतात, आणि त्यांत १० पर्यंतच्या कुठल्याही संख्येची एक तरी पट सापडतेच. अकरापासून ही खात्री संपते. मिळाला तर एकच अंक, नाही तर एकही नाही. म्हणून दहा घरं पूर्ण केलेल्या २४९२ संख्या पुढे फक्त गळत जातात. पंचविसाव्या घरापर्यंत एकच पोचते:

३६०८५ २८८५० ३६८४० ०७८६० ३६७२५

आपली जुनी मोजणी एकंपासून परार्धापर्यंत, म्हणजे अठरा स्थानांची. ही संख्या त्याच्याही सात घरं पुढे आहे! तिची पहिली अकरा घरं आम्ही तपासली. एकाआड एक अंक घेतले: ३+०+५+८+५+३ म्हणजे २४, आणि ६+८+२+८+० म्हणजेही २४. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे ११ नं भाग जातो. मला ही तपासणी फार आवडते, लांबलचक भागाकार न करता उत्तर हाती येतं. अशीच एक धाकटी बहीणही आहे, ३८१६५४७२९. तिच्यात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच येतात, आणि असं जमवणारी ती एकटीच.

मग भाचीनं सव्विसावं घर आखलं. तिथे ० ठेवून २६ नं भागलं तर बाकी १२ उरते. भाग पूर्ण जायला आणखी १४ हवेत, आणि एका घरात ९ च्या वर काही मावत नाही.